पेटीच्या पिक्चरचा शेवट

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच इंग्रजी सिनेमा पाहिला, तोही अर्धा. उरलेला अर्धा काकांनी पाहिला. काका म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत. आम्ही कोष्टी, ते बौद्ध. नागपुरात त्यांचं घर इंदोऱ्यात, आमचं तेव्हा इतवारीच्या मागच्या गल्लीत. पण मला कळायला लागल्यापासून घरात 'काका' म्हटलं की तेच. आणि या दोघांना तो एक सिनेमा पन्नास वर्षं पुरला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. स्वभाव तपासनिसाचा आहे, असं घरचे मला ऐकवतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कुणी म्हणालं की यंदा ऊन फार, तर मी विचारते, कुणी मोजलं? अशा माझ्या घरात हा अर्धा-अर्धा, कुणीही न तपासलेला सिनेमा इतकी वर्षं नांदला. मला त्याचं हसू यायचं, आणि दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा तो सलायचाही.

दोघं एका पॉवरलूमच्या शेडमध्ये कामाला होते. एकेकाकडे चार माग. तार तुटली तर सांधायची, धोट्यातली कांडी संपली तर नवी घालायची, बाकी माग आपला आपण चालतो. म्हणजे पळायची तयारी असेल तर एक माणूस तासदीड तास आठ माग सांभाळू शकतो, हे त्यांनी लवकरच शोधून काढलं. थिएटर सायकलनं पाच मिनिटांवर होतं. सकाळच्या खेळाला बाबा जायचे, काका आठ माग बघायचे. मध्यांतरात दारावरचा माणूस बाहेर पडणाऱ्याच्या हाती गेटपास द्यायचा. तो घेऊन बाबा सायकल हाणत शेडमध्ये यायचे, पास काकांच्या हातात ठेवायचे, आणि त्याच सायकलवर काका थिएटरात. मुकादमाला आठही माग चालताना दिसले की त्यांच्यामागे कोण उभा आहे याची त्याला फिकीर नसे. दुसऱ्या दिवशी उलटं करायचं. आधी काका, मग बाबा. असा दोन दिवसांत दोघांचाही सिनेमा पुरा व्हायचा.

अडचण एकच होती. पास देताना आधीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मध्येच जाऊन बसणाऱ्याला काय कळणार? आणि माग चालू असताना त्या शेडमध्ये कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नसे. तिथली माणसं हातांनी बोलत. जेवलास का, मुकादम आला, तुझी तार तुटली, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. तर अर्धा सिनेमा बाबा दोन मिनिटांत हातांनी सांगायचे आणि काका मान हलवत सायकलवर टांग मारायचे.

इंग्रजी सिनेमा एकदाच आला आणि एका दिवसातच उतरला. दुसऱ्या दिवशी बाबांचा उरलेला अर्धा बघायला थिएटरात तो सिनेमाच नव्हता. त्याचं नाव दोघांनीही वाचलं नव्हतं. आमच्या घरात तो 'पेटीचा पिक्चर' म्हणूनच ओळखला गेला.

बाबांनी मला तो इतक्या वेळा सांगितला आहे की माझाच पाहून झाल्यासारखा होता. एक लंबू, एक बुटका. लंबू काटक, नाकासमोर चालणारा, दिवसातून चार शब्द बोलला तर फार. बुटका गोलमटोल, टकलावर केस उगवण्याचं खोटं औषध विकणारा, स्वतः टकला. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण वाळवंटापलीकडच्या एका गावाला एक मोठी पेटी पोहोचवायची आहे. पेटी म्हणजे पियानो. बाबांना तो शब्द माहीत नव्हता. खेचर बुटक्याचं आणि गाडी लंबूची, त्यामुळे एकमेकांशिवाय दोघांचंही अडतं. पेटी बंद खोक्यात, त्यात सोनं आहे असं समजून दरोडेखोर मागे लागतात. गोळ्या सुटतात, त्या टोप्यांना लागतात, बाटल्यांना लागतात, माणसाला एकही नाही. गाडी खड्ड्यात गेली की खोक्यातून आपोआप सूर निघतात आणि लपलेले दोघं सापडतात. मध्यांतराला ते असे सापडलेलेच होते.

हे बाबांनी काकांना हातांनी सांगितलं. पेटी दाखवायला हवेत बोटं नाचवली. खेचर दाखवायला डोक्यावर दोन हात कानांसारखे उभे धरले. काकांनी ते दोन कान म्हणजे कुत्रा समजला, आणि सगळा उत्तरार्ध ते कुत्रा कधी येतो म्हणून वाट बघत बसले. कुत्रा आलाच नाही. संध्याकाळी शेडबाहेर पडल्यावर त्यांचा पहिला प्रश्न तोच होता, आणि पुढची पन्नास वर्षं तो त्यांनी सोडला नाही.

"कुत्र्याचं काय झालं गा?"

"कुत्रा नव्हता. खेचर होतं."

"तू कान दाखवले होते."

"खेचराले कान नसते काय?"

"कुत्रा होता. तू मध्येच इसरला," असं काका म्हणत, आणि हसून हसून त्यांचं पोट हले.

हा सिनेमा त्यांना एवढा का आवडला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इंग्रजी कळत नव्हतं हे तर खरंच. एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, "त्यात काय. आम्ही तं रोजच बिनआवाजाचा पिक्चर पायत होतो." शेडमध्ये वर्षानुवर्षं माणसांचे ओठ आणि हात वाचणाऱ्यांना भाषेची काय भीती. त्यातून तिथलं ऊन ओळखीचं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, झाड असलं तर एकच, आणि त्याच्या चतकोर सावलीत दोन माणसं भांडत बसलेली. नागपुरात मे महिन्यात दुपारी कुठल्याही चौकात हे दिसतं. शिवाय त्या गोष्टीत कुणी मरत नाही, कुणी कुणाला सुधारत नाही. लंबू शेवटपर्यंत लंबूच राहतो आणि बुटका शेवटपर्यंत थापाच मारतो. दोन न जुळणारी माणसं न जुळताच बरोबर चालतात, यात फार मोठा दिलासा आहे. पण खरं कारण याहून साधं होतं. बाबा ताडासारखे उंच आणि घुमे. काका ठेंगणे, गोल, जिभेला हाड नसलेले. शेडमधले लोक त्यांना जाता-येता हसायचे, आणि त्या दिवशी पडद्यावर कुणीतरी त्यांचाच सिनेमा काढून ठेवलेला त्यांना दिसला.

शेवट मात्र काकांनी सांगितलेला. पेटी त्या गावाला पोहोचते. दरोडेखोरांचा म्होरक्या ती उघडतो, आत सोनं नाही, आणि तोच बसून वाजवायला लागतो आणि ढसाढसा रडतो. मग लंबू आणि बुटका ठरवतात की आता कुठे जायचं नाही. दोघं मिळून त्याच गावात खानावळ काढतात. लंबू रांधतो, बुटका दारात उभा राहून गिऱ्हाइकं बोलावतो. दारावर पाटी लागते, पाटीवर नाव नाही, नुसत्या दोन टोप्या रंगवलेल्या, एक लांबट आणि एक चपटी. तिथे सिनेमा संपतो.

हा शेवट बाबांनी मनावर घेतला होता. काही वर्षांनी ती शेड बंद पडली. दोघंही रस्त्यावर. शेडमधल्या बाकीच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी गेलं, आणि बाबा काकांना म्हणाले, "पिक्चरमधल्या दोघांनी नाही काय खानावळ काढली." इतवारीत पहाटे हातठेलेवाले आणि हमाल कामाला लागतात, त्यांच्यासाठी तर्री-पोह्यांचा ठेला टाकला. पोहे बाबांचे, मोजून मापून भिजवलेले, एकसारखे, मीठसुद्धा घाबरत घातलेलं. चण्याची तर्री काकांची, डोळ्यांत पाणी आणणारी. आमच्याकडचे काही जुने लोक सुरुवातीला ठेल्याशी येऊन हळूच विचारायचे, कोणाच्या हातचं आहे? बाबा म्हणायचे, "तर्री याची, पोहे माहे. वेगळे करून खा." प्लेटमध्ये तर्री ओतलेली असायची. हळूहळू विचारणारे बंद झाले, खाणारे वाढले.

ठेल्यावर पाटी होती. बाबांनी पेंटरला समोर उभं राहून दोन टोप्या काढायला लावल्या. त्यानं असल्या टोप्या कधी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे एक घमेल्यासारखी झाली आणि दुसरी उपड्या कढईसारखी. बाबांना त्या पसंत होत्या. काका मात्र त्या पाटीकडे पाठ करून तर्री ढवळत. मला लहानपणी वाटे, चित्र वाईट आलंय म्हणून त्यांना आवडत नसेल.

या सगळ्यात आईची एक तक्रार होती, ती तिनं शेवटपर्यंत जपली. शेड चालू असतानाच बाबांना शहराबाहेर हिंगण्याच्या एका कंपनीत पक्की नोकरी लागली होती. कागद हातात आलेला. कंपनीची बस न्यायला येणार होती. आणि बाबा गेले नाहीत. का, तर म्हणाले, "मले बसमध्ये मळमळते." आई दर दिवाळीला, फराळाची कढई चढवली की, हे एकदा काढायची. बाबा ऐकून घ्यायचे.

ठेला बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे मनीषनगरला आले, टोप्यांची पाटी बरोबर घेऊन. ती आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे टेकून उभी असते. काका दर रविवारी इंदोऱ्याहून मेट्रोनं यायचे. त्या शेडनं दोघांचेही कान खाल्ले आहेत, त्यामुळे गप्पा म्हणजे आरडाओरडा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा येऊन काही भांडण आहे का विचारलं होतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला हुक्की आली आणि मी तो सिनेमा शोधायला बसले. पेटी, खेचर, वाळवंट, दोन माणसं, असं काय काय टाकून इंटरनेटवर तीन दिवस घालवले आणि सापडला. रंग उडालेली प्रत, पण पूर्ण. मी पुढे ढकलून शेवट पाहिला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं. रविवारी काकांना सांगितलं, तर बाबांचा चेहरा उजळला आणि काकांचा पडला.

"कायले पाहाचा तो आता," काका म्हणाले. "माहीत तं आहे सगळा."

"बाबांनी कुठी पाहिला पूर्ण? तुम्हीही नाही पाहिला."

"माह्या डोळ्याले त्रास होते टीव्हीचा."

त्याच दुपारी त्यांनी टीव्हीवर क्रिकेटचा अख्खा सामना पाहिला. पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता, त्याच्या पुढच्या रविवारी लवकर जायचं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण मला तेव्हा कळलं नाही. बाबा म्हणाले, त्याले नाही पाहाचा तं मी एकटा नाही पाहात. सिनेमा तसाच राहिला.

यंदा होळीच्या आधी एका रविवारी मी काकांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. जिन्याशी ते थांबले.

"मी पुण्याले जाऊन राहिलो वं," ते म्हणाले. "पोराजवळ. एकटं राहू देत नाही म्हणते आता. घर भाड्यानं देऊन टाकलं."

मी विचारलं, "बाबांना सांगितलं?"

"नाही. तू नको सांगू. मी सांगतो."

त्यानंतर चार रविवार गेले. दर रविवारी काका सांगायच्या तयारीनं यायचे, हे मला त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावरून कळायचं. घसा खाकरायचे, "ऐक गा" म्हणायचे, आणि मग त्यांच्या तोंडून संत्र्याचे भाव नाहीतर शेजाऱ्याच्या सुनेची गोष्ट बाहेर पडायची. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवलेला माणूस, त्याला एक वाक्य सापडेना. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. बाबांचं काय होईल, हाच एक विचार. आठवड्यातले सहा दिवस ते सातव्यासाठी काढतात, हे मला माहीत होतं. चौथ्या रविवारी निघताना काकांनी चपला घालता घालता मला विचारलं, "तो पिक्चर आहे अजून तुह्याजवळ?"

"आहे."

"मंग लाव पुढच्या एतवारी. सकाळच्या खेळाले."

रविवारी दहाला दोघं सोफ्यावर बसले. बाबांनी धुतलेला पायजमा घातला होता. मी पडदे ओढले. आवाज मोठा ठेवला, पण त्याची गरज नव्हती. दोघंही ओठच बघत होते. आणि लंबू आला, बुटका आला, जसे बाबांनी सांगितले होते तसेच. मला उगीचच भरून आलं. बाबा पुढचं आधीच सांगत होते. आता टोपी उडते पाय. आता बाटली फुटते पाय. पन्नास वर्षं झाली तरी एक गोळी चुकली नाही.

मग गावातल्या रस्त्यावरून गाडी निघाली, मागून पिवळट रंगाचा एक कुत्रा रस्ता ओलांडून गेला, आणि काका ताडकन उठून उभे राहिले.

"कुत्रा."

बाबांनी मान वळवली नाही. "तो पिक्चरमधला नाही. त्या गावातला आहे."

मला तीन वेळा मागे नेऊन तो कुत्रा दाखवायला लागला. काका प्रत्येक वेळी बोट लावून बघायचे. बाबा म्हणाले, असे कुत्रे तं मनीषनगरलेही आहेत, ते काय पिक्चरमध्ये काम करतात? पण ओठांच्या कोपऱ्यात ते हसत होते.

मध्यांतर त्या सिनेमात लिहिलेलं नव्हतं, तरी बाबांना बरोबर जागा माहीत होती. "थांबव वं," ते म्हणाले. "इथी मी निघालो होतो." मी थांबवला आणि चहा ठेवला. बाहेर आले तर बाबा उभे होते, हवेत बोटं नाचवत होते, डोक्यावर दोन हात धरून काकांना अर्धा सिनेमा सांगत होते. काका मान हलवत होते. मग बाबांनी खिशातून लाइटचं जुनं बिल काढून गेटपाससारखं त्यांच्या हातात ठेवलं. इतकं छान मला त्या घरात फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि त्याच वेळी पुण्याचं आठवून नकोसंही झालं.

दुसरा अर्धा सुरू झाला. आता पुढचं सांगायची पाळी काकांची, पण ते गप्प बसले होते. बाबा मात्र ताठ, हात गुडघ्यांवर, शाळेत पहिल्या दिवशी बसावं तसे. पेटी पोहोचली. म्होरक्या वाजवायला बसला आणि रडला, तेव्हा बाबा खो खो हसले आणि त्यांनी काकांच्या मांडीवर थाप मारली. "जसा सांगतला तसाच आहे गा." काका हसले नाहीत.

मग गावाबाहेर रेल्वेचं छोटंसं स्टेशन आलं. बुटका आपल्या ट्रंकेवर बसलेला. लंबू गाडी घेऊन उभा. मी मनात म्हटलं, आता हे परत फिरतील, आता खानावळ येईल. आगगाडी आली. दोघांनी एकमेकांच्या टोप्या घालून पाहिल्या, दोन्ही बसेनात, दोघं हसले. बुटका डब्यात चढला. लंबूनं खेचराची मान थोपटली आणि तो वाळवंटाकडे वळला. दोन बाजूंना दोन धुळीचे लोट निघाले आणि अक्षरं आली.



"पाटी नाही आली," बाबा म्हणाले.

"नाही येत," काका म्हणाले.

"खानावळ?"

"नाही काढत ते. हाच शेवट आहे. तवाही हाच होता."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग मले खोटं काहून सांगतलं?"

काका टीव्हीकडेच बघत होते. "तुह्या खिशात हिंगण्याचा कागद होता. शेडमध्ये सगळ्याले माहीत होतं. मी पायलं, बुटका आगगाडीत बसला, लंबू चालला गेला, आन दोघं हसूनच राहिले. सायकलवर येता येता म्हटलं, हे याले सांगतलं तं हाही हसत चालला जाईन. मंग रस्त्यातच खानावळ काढली मी. पाटीही रस्त्यातच लावली."

पाच मिनिटांचा रस्ता. मला आधी आई आठवली, फराळाच्या कढईपुढे बसलेली, आणि खरं सांगते, काकांचा राग आला. एका थापेवर आमचं घर चाललं, ठेला चालला, मी शिकले, पाटी रंगवली गेली, आणि यातलं काही कुणी तपासलं नाही. मी तोंड उघडणार होते. पण काकांच्या हातात अजून ते लाइटचं बिल होतं, आणि बाबा त्या हातांकडे बघत होते, शेडमध्ये बघायचे तसे.

"आन आता खरा काहून दाखवला?" बाबांनी विचारलं.

काकांनी त्या बिलाची घडी घालून ते खिशात ठेवलं. बाबांनी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

"कधी जाऊन राहिला?"

"पुढच्या पंधरवड्यात," काका म्हणाले.

"पोराजवळ?"

"हाव."

बाबा उठले. गॅलरीच्या दारापर्यंत गेले, पाटीकडे बघत पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं आता ते आत निघून जातील आणि दार लावून घेतील. आई गेली तेव्हा त्यांनी तसंच केलं होतं. ते परत आले, काकांच्या शेजारी होते तिथेच बसले, आणि मोठ्यानं, काकांना नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "पिक्चरवाल्यानं चुकवलं गा. शेवट तूच बरोबर सांगतला होता."

काका रडले. लपवलं नाही, डोळ्यांना बाही लावली नाही. बाबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली आणि तिथे मीही रडले. मी आयुष्यभर चुकीच्या उत्तरांवर लाल खुणा केल्या आहेत. त्या दिवशी मला कळलं की या एका उत्तराला हात लावायचा माझा अधिकार नाही.

जेवायला बसल्यावर काका डोळे पुसत म्हणाले, "कुत्रा तं होता ना पण." बाबा म्हणाले, "जेव चूपचाप."

जायच्या आदल्या दिवशी काकांनी पाटी मागितली. पुण्याला भिंतीवर लावतो म्हणाले. बाबांनी दिली नाही. "तुह्या पुण्यात तिले कोण ओळखते. दिवाळीले येशीन तवा पाय इथीच." काकांनी फार आग्रह केला नाही. मला वाटतं, त्यांना हेच ऐकायचं होतं.

पहिल्या रविवारी बाबा दहाच्या आधीच धुतलेला पायजमा घालून बसले. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. काकांचा चेहरा आला, अर्धं कपाळ, अर्धा पंखा. दोघं एकदम ओरडायला लागले. ते ऐकत नव्हते आणि हे थांबत नव्हते. फोनमधून नुसता कल्ला. मी आवाज वाढवला, कमी केला, स्पीकरचं बटण दाबलं. काही उपयोग होईना. बाबांचा चेहरा उतरत चालला, आणि मला वाटलं, झालं, हे काही जमायचं नाही.

तेवढ्यात पलीकडे काकांनी फोन कशाला तरी टेकवला, दोन पावलं मागे सरकले आणि हात वर केले. जेवलास का, अशी ती खूण होती. मी ती लहानपणी ठेल्यावर पाहिली होती. बाबांचेही हात वर गेले. बोटं भराभर फिरायला लागली. पोहे, ऊन, गुडघा, सून, असं काय काय असावं. मला अर्धंही कळलं नाही. काकांनी तिकडे डोक्यावर दोन कान उभे केले आणि त्यांचं पोट हलायला लागलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी पाणी घेऊन आले आणि म्हटलं, थांबा, आवाज नीट करून देते.

"आवाज बंद कर वं," बाबा म्हणाले. "आम्हाले बोलू दे."